काचवालीच्या पोटातला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. रस्त्यावरचा नाही, नदीतला नाही. दगड जमिनीत होतो, मी एका बाईच्या पोटात झालो. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, लिव्हरला चिकटून पित्ताची एक छोटी पिशवी असते. तिथे. आता दीड वर्षाचा आहे. दीड वर्ष तुम्हाला थोडं वाटेल. एकाच जागी पडून राहून बघा, मग कळेल.

मी कशाचा बनलोय सांगतो. कोलेस्टेरॉलचा. हे नाव घेतलं की लोक असं तोंड करतात जणू घरात साप निघालाय. करा. मला काही वाटत नाही.

कोलेस्टेरॉलचा एक कण डोळ्याला दिसत नाही. दिसला असता तर चार कड्या दिसल्या असत्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. तीन सहा कोनांच्या, एक पाच कोनांची. मागे एक शेपूट. पुढे एवढंसं डोकं, ऑक्सिजन-हायड्रोजनचं. डोक्याला पाणी चालतं, बाकी सगळ्या अंगाला पाण्याचा तिटकारा. कार्बन मोजले तर सत्तावीस. झालं. एवढ्याशा गोष्टीला माणसं इतकी घाबरतात.

आणि हे कण येतात कुठून? तुम्ही म्हणाल, तळलेलं खाऊन. थोडे येतात तसे. पण बरेचसे शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात लिव्हर सगळ्यात पुढे. दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत, तीसेक पायऱ्या चढत. कुणी शाबासकी दिली नाही तरी बनवतं. कारण लागतात.

खडा होण्याआधी मी असा सुटा सुटा होतो, आणि कामाचा होतो. ही बाई काचवाली. तिचं फोटो फ्रेम करायचं दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. टेबलावर मोठी काच आडवी ठेवायची, पट्टी लावायची, हिरकणीने, म्हणजे काच कापायच्या कलमाने, एक रेघ ओढायची. कर्रर्र. मग काच टेबलाच्या कडेला आणून एक हलका झटका द्यायचा. टक. सरळ दोन तुकडे. तिची रेघ कधी वाकडी गेली नाही. बोट धारेला लागायच्या आत मागे यायचं. ती म्हणायची सवय आहे. सवय आहेच, पण तिच्या नसांवर जे वेष्टण असतं, वायरीवर रबर असतं तसं, त्यात आम्ही ठासून भरलेले असतो. त्याच्यामुळे निरोप इतका झटकन पोचतो. तरी कधी कापलंच, तर जखम भरायला नव्या पेशी लागतात आणि प्रत्येक पेशीच्या भिंतीत आम्ही लागतो. थंडीत भिंत कडक होऊ द्यायची नाही, गरमीत ढिली पडू द्यायची नाही. ऊन अंगावर पडलं की कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं, ते आमच्या सख्ख्या भावापासून. मुलगी वयात येते, मुलाला मिसरूड फुटतं, ती रसायनं आमच्यापासून. जेवणातलं तेल पचवणारं पित्तसुद्धा आमच्यापासून. आता बोला.

पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला एक आकडा तेवढा माहीत होता.

तिचा नवरा फ्रेमच्या लाकडी पट्ट्या कापायचा, ती काच कापायची. एके सकाळी फ्रेमचा चौथा कोपरा ठोकता ठोकता तो टेबलावर वाकला आणि उठलाच नाही. हार्ट. वय त्रेचाळीस. आठवड्याने त्याची मोठी बहीण आली, म्हणजे या घरातली आत्या. घरभर बघितलं, स्वयंपाकघरात गेली, तेलाचा डबा उचलून पाहिला आणि म्हणाली, "इतकं तेल? तुझ्या हातच्या तळणीने नेलं गं माझ्या भावाला."

काचवाली रडली नाही. भांडी घासत होती, ती घासत राहिली.

पुढे नवऱ्याचे कपडे कुणाला तरी द्यायला काढले तर एका शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद. रक्ताचा रिपोर्ट, तो जायच्या दोन आठवडे आधीचा. कोलेस्टेरॉल तीनशे नव्वद. दोनशेच्या आत हवं, असं बाजूलाच छापलेलं. त्याने हा कागद कुणाला दाखवलाच नव्हता. काचवालीने घडी उलगडली, टेबलावर सपाट केली, मापाची काच कापली, चार पट्ट्या ठोकल्या आणि रिपोर्ट फ्रेम करून गॅसच्या वर भिंतीला लावला. फ्रेमवाल्यांच्याच घरात असं होऊ शकतं.

त्या दिवसापासून घरात तेल बंद. लोणी, अंडी, दाणे, सगळं बंद. मुलीला उकडलेलं, आणि स्वतःला त्यातलंही अर्धं. सकाळचं तर पूर्णच बंद.

मुलीला सगळे ठिणगी म्हणतात. सतरा वर्षांची. शाळा सोडलेली, डोकं तापट, नजर तिखट.

"आई, हे काय आहे?"

"भाजी."

"ही भाजी नाही. ही भाजीची आठवण आहे."

"भिंतीवरचं वाच आणि खा."

"वाचलंय. रोज वाचते, पाठ झालंय. शाळेत हाच एक धडा ठेवला असता तर पैकीच्या पैकी मिळाले असते मला. तुझं ताट कुठाय?"

"मी मघाशी खाल्लं."

खोटं. मी आत होतो, मला माहीत आहे. मघाशी काही आलं नव्हतं. कालही नव्हतं आलं.

आता माझा जन्म ऐका. पित्ताच्या त्या पिशवीचं काम साधं. लिव्हर पित्त पाठवतं, पिशवी साठवते. पोटात तेलातुपाचं काही आलं की पिशवी आवळते आणि पित्त खाली सोडते. काही आलंच नाही तर? तर ती कशाला आवळेल? पित्त आत पडून राहतं आणि घट्ट होत जातं. त्यात बाई झपाट्याने वाळायला लागली. अंगातली चरबी वितळली की लिव्हर नेहमीपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल पित्तात ढकलतं. पाण्याचा तिटकारा असलेले आम्ही, नेहमी पित्तातले क्षार आम्हाला धरून ठेवतात. पण आम्ही वाढलो आणि धरणारे हात तेवढेच राहिले. मग आम्हीच एकमेकांना धरलं. आधी एक चकचकीत पापुद्रा, मग त्यावर दुसरा. कोलेस्टेरॉल नको म्हणून उपाशी राहिलेल्या बाईच्या पोटात कोलेस्टेरॉलचा खडा झाला. मी कुणाचं वाईट करायला जन्मलो नाही. मला कुणी हलवलं नाही, एवढंच.

त्याच काळात तिचं कौतुक मात्र फार झालं. फोटो घेऊन आलेली शेजारची टीचर म्हणाली, "काय बारीक झालीस गं! गालफडं कशी बसलीत छान. काय करतेस? आम्हालाही सांग की."

"काही नाही करत."

"असं कसं? गुपित दिसतंय."

"नवरा गेला," काचवाली म्हणाली आणि तिच्या फोटोचं माप घ्यायला लागली. टीचर पर्समध्ये काहीतरी शोधत बसली.

पाच महिने असे गेले. घरात भांडण नाही, हसणं नाही. टीव्ही लावायच्या, बघायचं कुणीच नाही. मी पापुद्र्यावर पापुद्रा घालत होतो.

मग ठिणगीचा वाढदिवस आला. समोरच्या बेकरीवालीने केक पाठवला, वर क्रीमचा हा जाड थर.

"एक तुकडा खा," ठिणगी म्हणाली. "खाल्ला नाहीस तर मीही खाणार नाही. अख्खा केक सडेल. बेकरीवालीला मी सांगेन, आईने सडवला."

"हट्टी आहेस."

"कुणावर गेले?"

काचवालीने एक तुकडा खाल्ला. पाच महिन्यांनी पिशवीला काम मिळालं, ती जोरात आवळली आणि मी सरकत जाऊन पिशवीच्या तोंडाशी अडकलो. बाई वाकली. दुखणं बरगडीखाली सुरू झालं, छातीत चढलं, पाठीतून उजव्या खांद्यात गेलं. ती मोरीत जाऊन नळ सोडून बसली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. दोन तासांनी मी मागे सरकलो आणि कळ थांबली. ती तोंड धुऊन बाहेर आली.

तिने हिशोब मांडला. तेलकट खाल्लं आणि छातीत दुखलं. म्हणजे हार्ट. म्हणजे आपलंही तेच. बरोबरच आहे, ज्या हाताने नवऱ्याला खाऊ घातलं त्याच हाताने आपण खाल्लं. आपल्यालाही तसंच जायचंय. ती घाबरली नाही हो. बधिर झाल्यासारखी होती फक्त. कुणाला काही सांगितलं नाही. होतं ते जेवणही कमी केलं आणि मुलीला काच कापायला शिकवायची घाई सुरू केली.

"पट्टी घट्ट धर. रेघ एकदाच ओढायची. परत परत नाही."

"इतकी घाई कसली आहे तुला? उद्या शिकते."

"आज."

"तू कुठे पळून चाललीयेस का?"

"आज म्हटलं ना. झटका दे. असा नाही. तू काच फोडतेयस, कापत नाहीयेस."

"मग तूच काप!" हिरकणी टेबलावर आपटून ठिणगी बाहेर जायची. दहा मिनिटांनी परत यायची, न बोलता पट्टी धरायची. दोन महिन्यांत तिची रेघ सरळ आली. आईने एकदाच मान हलवली. शाबासकी समजा.

मधून मधून मी अडकायचो, ती मोरीत जायची. मग एका दुपारी एका शाळेच्या सूचनाफलकाची मोठी काच दोघी दोन टोकांना धरून उचलत होत्या आणि मी असा अडकलो की मागे सरकेनाच. काचवालीचं अंग तापाने फणफणत होतं, कपाळावरून घाम गळत होता. तिने काच आधी खाली ठेवली. नीट, कोपरा न दुखवता. मग ती स्वतः खाली कोसळली, तेवढं नीट नाही.

"आई! काय होतंय?"

"काही नाही. तू काच पूस."

"काच गेली खड्ड्यात. बोल."

"छातीत. बाबांसारखं."

"कधीपासून?"

"तुझ्या वाढदिवसापासून."

"दोन महिने? आणि तू गप्प?"

"त्यांनी तरी कुठे सांगितलं होतं."

ठिणगीने समोरच्या बेकरीवालीला अशी हाक मारली की रस्त्यावरच्या चार गाड्या थांबल्या. त्यातल्याच एकीत घालून हॉस्पिटल.

तिथे छातीला वायरी लावल्या, मग पोटावर थंडगार जेल लावून सोनोग्राफी केली. पडद्यावर पहिल्यांदा माझं चित्र आलं, काळ्या पिशवीत पांढरा ठिपका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हार्टला काहीही झालेलं नाही. पित्ताशयात खडा आहे, सूज आलीय. पिशवी काढून टाकू, बऱ्या व्हाल. खूप उपास केलेत का? वजन भराभर उतरलं?"

काचवाली छताकडे बघत होती. "हार्टचं नाही?"

"नाही."

कुणीही खूश झालं असतं. ती म्हणाली, "मग मला का नाही झालं? मी त्यांच्याच ताटातलं खात होते. वीस वर्षं. तेच तेल, तोच हात. त्यांना झालं, मग मला का नाही?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांचा जुना रिपोर्ट वगैरे आहे का घरात?"

ठिणगी गेली आणि अर्ध्या तासात परत आली. काखेत फ्रेम, काच-खिळ्यांसकट. उघडत बसायला तिला वेळ नव्हता. तोवर आत्याही डबा घेऊन येऊन कोपऱ्यात बसली होती. डॉक्टरीणबाईंनी फ्रेम हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"ही फ्रेम कुणी केली?"

"आईने. आमचं दुकानच आहे."

त्या हसल्या नाहीत. काचेवर गॅसवरचा चिकटा बसला होता, तो अंगठ्याने पुसून त्यांनी आकडे वाचले. "त्रेचाळीस वर्षांचे होते? त्यांच्या घरात आणखी कुणी असं लवकर गेलंय?"

आत्या म्हणाली, "आमचे वडील. एकेचाळिसाव्या वर्षी. आणि एक काका. पण ते जुने लोक, त्यांचं काय."

"आजोबा गेले तेव्हा आई लग्न होऊन आलीसुद्धा नव्हती, आत्या," ठिणगी म्हणाली. "त्यांना कुणाच्या हातच्या तळणीने नेलं?"

आत्याने डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आणि मीही आतून ऐकलं. कोलेस्टेरॉलला रक्तात सुटं फिरता येत नाही, पाण्याशी जमत नाही ना. त्याला गाडी लागते. त्या गाड्या फिरून लिव्हरशी येतात, लिव्हरला बारीक बारीक दारं असतात, दारातून गाडी आत ओढून घेतात. काही घरांमध्ये यातली निम्मी दारं जन्मापासूनच चालत नाहीत. गाड्या बाहेर अडकून पडतात आणि वर्षानुवर्षं नळ्यांच्या भिंतीत साचत जातात. "जेवण सांभाळायला हवंच," त्या म्हणाल्या, "पण एवढा आकडा जेवणाने नाही चढत. हा त्यांच्या रक्तातच होता. तुमच्या हातात नव्हता."

"माझं जेवण नव्हतं?" काचवालीने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग काही इलाज होता का?"

"गोळी असते. रोजची एक. कमी पडली तर आणखी औषधं. लवकर कळलं असतं तर आकडा पुष्कळ उतरवता आला असता."

काचवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा हलला नाही, आपल्याच डोळ्यांचं तिला ठाऊक नसावं तसं.

जाता जाता डॉक्टरीणबाई आत्याकडे वळल्या. "तुमच्या पापण्यांवर हे पिवळे डाग किती वर्षं आहेत?"

"हे? वयाचे आहेत."

"बाबांनाही होते," ठिणगी म्हणाली. "त्यांच्या मोठ्या फोटोला काच मी बसवली, तेव्हा दिसले. मला वाटलं प्रिंट खराब आलीय."

"ते डाग म्हणजेसुद्धा कोलेस्टेरॉल असू शकतं. तुम्ही दोघीही तपासून घ्या. मुलीला असण्याची शक्यता निम्मी असते."

दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढलं. पोटाला चार बारीक भोकं पाडून. पहिल्यांदा उजेड पाहिला. लोक म्हणतात तेवढं विशेष काही नाही. मला धुऊन डबीत घातलं आणि ठिणगीच्या हातात दिलं. पहिला आठवडा माझा मान मोठा होता. बेकरीवालीने बघितलं, टीचरने बघितलं, "अगं बाई, एवढा?" म्हणून झालं. मग डबी स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. आता वर तेलकट धूळ बसते. कुणी बघत नाही.

पण तिथून मी एक गोष्ट पाहिली, ती सांगून थांबतो.

तीनेक आठवड्यांनी ठिणगी आणि आत्या रिपोर्टची दोन पाकिटं आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेऊन आल्या. आत्या दारातच थांबली. ठिणगीने आपला कागद टेबलावर ठेवला. "आत्याला तीनशे साठ. मला तीनशे दहा. हरले मी."

काचवालीने कागद वाचला. परत वाचला. आत्या म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते..."

"वन्सं, आत या," काचवाली म्हणाली. "बसा."

काचवाली उठली आणि आत स्वयंपाकघरात आली. ठिणगी मागोमाग. मला वाटलं, आता परत उकडलेलं. आता दोघींचंही ताट बंद. ठिणगीलाही तेच वाटलं, कारण ती दाराला टेकून हाताची घडी घालून उभी होती, भांडायला तयार. कागद बाईच्या हातातच होता.

तिने कागद ठेवला. कढई चढवली. तेल चमच्याने मोजून घातलं, एक चमचा, थोडा विचार करून आणखी अर्धा. तीन ताटं घेतली. तिघी बसल्या आणि सगळ्यात आधी घास तिने घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला.

"तुला चालतं का?" ठिणगीने विचारलं. "पिशवी काढलीय ना."

"चालतं. पित्त आता लिव्हरमधून सरळ खाली येतं. थोडं थोडं खायचं."

"चव कशी आहे?"

"कळत नाहीये अजून." तिने तिसरा घास घेतला. "कळेल."

जेवण झाल्यावर तिने गोळ्यांची दोन पाकिटं आणली, एक नणंदेपुढे ठेवलं, एक मुलीपुढे. "रोज."

"रोज म्हणजे जन्मभर?"

"हो."

"आणि विसरले तर?"

"मी विचारेन."

"मी चिडेन."

"चिड. मी परत विचारेन."

ठिणगीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि रिकामं तोंड उघडून दाखवलं. आत्याने मान खाली घालून आपली घेतली.

तर मित्रांनो, मला घाबरू नका आणि लाडही करू नका. घरात कुणी तरुणपणी हार्टने गेलं असेल, तर रक्त एकदा तपासून घ्या. आकडा कळला तर खिशात घडी करून ठेवू नका, जाणत्या माणसाला दाखवा. जास्त असला तरी स्वतःच्या मनाने उपाशी राहू नका, उपाशी राहिल्याने गेलेला माणूस परत येत नाही. मला कुणी विचारलं नाही, पुसलं नाही तरी चालतं, मी खडा आहे. पण तुमच्या घरात कुणी "मी मघाशीच खाल्लं" म्हणत असेल, तर त्याला परत एकदा विचारा. तो चिडला तरी.